विभागीय आत्या

बारशाच्या दिवशी बाळाच्या कानात पहिलं नाव ज्या कंपनीचं पडेल, ते बाळ त्या कंपनीचं सबस्क्रायबर धरलं जाईल, हा नियम गेल्या दसऱ्यापासून आमच्या तालुक्यात लागू झाला.

नियमाला कुणाची हरकत नव्हती. मोबाईलवर सिनेमे आणि मालिका दाखवणाऱ्या कंपन्या आता दोनच उरल्या होत्या, 'पडदा' आणि 'झळक'. बाकीच्या या दोघींनी गिळल्या. तांबेगावातली झाडून सगळी माणसं दोन्हीकडे नाव घालून बसली होती, अगदी अंथरुणाला खिळलेलीसुद्धा. मग नवीन माणूस आणायचा कुठून? पडद्यानं मध्यंतरी म्हशींवर प्रयोग करून बघितला. म्हशी सगळं शांतपणे बघतात, त्याबद्दल तक्रार नाही, पण "अजून बघताय का?" असं विचारलं की उत्तर देत नाहीत, त्यामुळे तो प्रयोग बंद करावा लागला. राहता राहिली ती जन्माला येणारी पोरं.

कानात बोलायचा मान आपल्याकडे आत्याचा. म्हणून पडद्यानं आत्या नेमायला सुरुवात केली, आणि मी, निर्मला तोडकर, तांबेगावची विभागीय आत्या झाले. ज्या घरात सख्खी आत्या असेल तिथं तिला शिकवून तयार करायचं, नसेल तिथं स्वतः जायचं. आधी 'पडदा' म्हणायचं, मग बाळाचं नाव. ऐकायला सोपं वाटतं, पण येऊन बघा एकदा. आत्या बाळाच्या कानाशी वाकली की बाकीच्यांनी तिच्या पाठीत बुक्के घालायचे, ही आपली रीत. पूर्वी ते गमतीत चालायचं. नियम आल्यापासून झळकवाले बुक्के घालायला तालमीतल्या पोरी पाठवायला लागले, म्हणजे आत्याचा श्वास अडकावा, नाव तोंडातच राहावं आणि तेवढ्यात त्यांच्या माणसानं 'झळक' म्हणून टाकावं. मी ब्लाउजच्या आतून गोधडीचा तुकडा शिवून घेतला होता. माझ्या हातचं एकही बाळ झळककडे गेलं नाही. मिरवायचं म्हणून नाही सांगत, खरं आहे म्हणून सांगते.

तर झालं असं, की या तिमाहीत सबंध तांबेगावात एकच बाळ जन्माला आलं, आणि तेही आमच्याच घरात. माझा धाकटा भाऊ सुहास आणि त्याची बायको प्रणाली यांना मुलगी झाली. आनंद झाला म्हणू की धास्ती वाटली म्हणू, दोन्ही एकदमच झालं.

पुण्याहून खानोलकर साहेब आले. पडद्याची या भागातली वाढ ते बघतात. सज्जन माणूस, पण आकडा तिथल्या तिथं राहिला की त्यांना ताप भरतो. खरोखरचा ताप, आम्ही थर्मामीटर लावून बघितलाय. त्या दिवशीही अंगावर शाल घेऊनच बसले होते. चहा नको म्हणाले, पोहे नको म्हणाले, आणि हे बाळ आकड्यात आलं नाही तर तांबेगावात विभागीय आत्या ठेवायला कंपनीला काही कारण उरणार नाही, हे त्यांनी फार अदबीनं सांगितलं. मी सहज विचारलं, की समजा कानात कुठल्याच कंपनीचं नाव पडलं नाही तर?

"तसं होत नाही, निर्मलाताई," ते म्हणाले. "कंपनीच्या लेखी माणसं दोनच प्रकारची. सबस्क्रायबर आणि प्रतिस्पर्धी."

"एवढंसं पोर प्रतिस्पर्धी?"

"वयाची अट नाही."

मी विषय सोडून दिला. माझ्या डोक्यात तेव्हा वेगळं काही नव्हतं.

प्रणाली मुळात कमी बोलणारी. शिवणक्लास घेते, दिवसभर बायकांच्या गप्पा ऐकते, स्वतः मात्र मापाशिवाय काही विचारत नाही. त्या दिवशी बाळाला आमच्या आईच्या मांडीवर देऊन ती मला म्हणाली, जरा शेजारी येता का. शेजारच्या सुरेखाच्या बाळाचं बारसं मीच केलं होतं. आम्ही गेलो तेव्हा सुरेखा त्याला मांडीवर घेऊन बसली होती. बाळ तिच्याकडे छान बघत होतं, हसलंसुद्धा. मग थोड्या वेळानं त्याची नजर आपली आपण पुढं सरकली. पंख्यावर गेली, मग माझ्यावर, मग भिंतीवर, मग खिडकीवर. सुरेखा वाकून त्याच्या नजरेसमोर गेली, तर त्यानं तिच्या खांद्यावरून पलीकडे बघितलं. तेवढा भाग त्याचा बघून झाला होता. मला काही विशेष वाटलं नाही, पडद्याची सगळी बाळं असंच बघतात. सुरेखालाही सवय झाली होती. संध्याकाळी परत माझी पाळी येते, असं ती हसून म्हणाली, आणि आमच्यासाठी चहा टाकायला उठली.

घरी आल्यावर प्रणाली दारातच थांबली. "वन्सं, माझी पोरगी माझ्याकडे बघता बघता पुढं जायला नको. बाकी काही मागत नाही मी."

मला रागच आला. म्हटलं, बाई, लहान पोरं बघतातच इकडंतिकडं, त्यात माझ्या नोकरीचं वाटोळं कशाला करतेस? ती आत निघून गेली. मी घुगऱ्यांसाठी हरभरे भिजत घालायला बसले, आणि भांड्यात किती हरभरे टाकले आणि किती पाणी ओतलं, याचं मला भान राहिलं नाही. सकाळी बघते तर हरभरे फुगून निम्मे फरशीवर पडलेले.

बारशाला अंगणात मांडव घातला होता. प्रणालीचा भाऊ रणधीर झळकमध्ये नोकरीला. बाळाचा सख्खा मामा, त्यामुळे त्याला अडवायचा प्रश्नच नव्हता. येताना बाळासाठी चांदीचे वाळे आणि माझ्यासाठी तालमीतल्या चार दांडग्या पोरी घेऊन आला. तसा वाईट नाही तो. माझ्या पाया पडला, आत्याबाई, मनावर घेऊ नका म्हणाला. त्याचे साहेब बाहेर गाडीत बसले होते, त्यांनाही ताप होता. त्यांना आणि खानोलकरांना एकाच डॉक्टरचं औषध चालू आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

पाळण्याच्या वरून-खालून बाळ फिरवून झालं. दोन्ही साहेब पहिल्या रांगेत येऊन बसले. मी वाकले, आणि पाठीत पहिला बुक्का बसला. गोधडी असूनही डोळ्यांपुढं काजवे चमकले. दुसरा बसला, तिसरा बसला. पोरींचं काही चुकत नव्हतं, त्या त्यांचं काम करत होत्या. मी बाळाच्या कानात 'कुर्रर्र' केलं. सगळी बाळं 'कुर्रर्र'ला दचकतात. हिनं डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं. मी 'पडदा' म्हणायला तोंड उघडलं, तरी ती बघतच राहिली. इतक्या बाळांच्या कानाशी मी वाकले असेन, पण असं कुणी बघितलं नव्हतं, कारण मी कुणाला तेवढा वेळच दिला नव्हता. पाठीत बुक्के बसत होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते बुक्क्यांनी येत होतं असं म्हणायला जागा आहे, पण तसं नव्हतं.

मी म्हटलं, "रेवा." आणि सरळ उभी राहिले.

खानोलकर साहेबांनी जागेवरूनच विचारलं, "काय सांगितलंत कानात?"

"नाव."

"कुणाचं?"

"तिचं."

रणधीर धावला, दुसऱ्या कानात 'झळक, झळक' असं दोनदा म्हणाला. पण नियम पहिल्या नावाचा होता, आणि पहिलं होऊन गेलं होतं. दोन्ही साहेब मांडवाच्या खांबाजवळ जाऊन बोलले. जन्मात पहिल्यांदा ते एकमेकांशी बोलत होते. परत आले तेव्हा त्यांचं एकमत झालं होतं. बाळ दोघांपैकी कुणाचंच नाही, तेव्हा ते प्रतिस्पर्धी. सुहासचं त्यांनी अभिनंदन केलं, तळहातावर घुगऱ्या घेतल्या. माझी नोकरी त्या क्षणापासून संपली, हेही सांगितलं, आणि निघताना खानोलकर मला बाजूला घेऊन म्हणाले, "प्रतिस्पर्धी वाढत असेल तर आम्ही त्याच्या वाटेला जात नाही. वाढ थांबली की विकत घेतो. मनाला लावून घेऊ नका, धंद्याची रीत आहे."

विकत घेतो म्हणजे काय, असं सुहासनं विचारलं. म्हणजे सगळ्या हक्कांसकट, पुण्याला, असं ते म्हणाले. प्रणालीनं बाळ छातीशी धरलं ते मांडव उतरवेपर्यंत सोडलं नाही. बाळ तिच्याकडे बघत होतं, नजर हलत नव्हती, आणि प्रणाली रडत होती.

दुसऱ्या दिवशी रीतीप्रमाणे सुरेखा बाळ बघायला आली. रेवानं तिच्याकडे बघितलं. सुरेखा दिवेलागणीपर्यंत उठली नाही. मग तिनं सासूला आणलं, सासूनं बहिणीला. तहसील कचेरीतले लोक डबा घेऊन यायला लागले. तलाठी आले, कंडक्टर आले, मोबाईल खिशात ठेवून बसायला लागले. रेवाचं एवढंच होतं, की समोरचा माणूस आपण होऊन मान वळवेपर्यंत ती त्याच्याकडे बघायची. आणि मान कुणीच वळवेना. कितीतरी वर्षांत त्यांच्याकडे कुणी बघितलंच नव्हतं, सगळे दुसरीकडे बघण्यात गुंतलेले. शेवटी मला पाळ्या लावाव्या लागल्या. सुहासनं मांडववाल्याकडून खुर्च्या आणल्या. काम माझ्या ओळखीचंच होतं. नवीन माणसाला पहिल्या आठवड्यात लवकर उठवायचं नाही, सवय लागू द्यायची, एवढं मला कुणी शिकवायला नको होतं.

महिना सरता सरता खानोलकर आले. शाल होतीच. प्रतिस्पर्ध्याची पाहणी करायची आहे म्हणाले. मी त्यांना पाळण्यासमोर बसवलं आणि देवाचा धावा करत मागं उभी राहिले. रेवा बघत होती, ते बघत होते. पुढच्या दोघांच्या पाळ्या निघून गेल्या तरी साहेब उठले नाहीत. मी खांद्याला हात लावला तर शाल घामानं भिजलेली, ताप उतरलेला. उद्या जागा मिळेल का, असं त्यांनी हळूच विचारलं. मग गाडीजवळ गेल्यावर पुन्हा साहेब झाले.

"या महिन्यात तुमची वाढ आहे," ते म्हणाले. "जिथल्या तिथं राहिलात की मला यावं लागेल."

तेव्हापासून आमच्या घरात सगळे रोज माणसं मोजतात. तांबेगाव तर सगळं येऊन गेलं. आता नवीन माणूस आणायचा कुठून? रणधीरनं झळक सोडली, भाचीसाठी तो जीप घेऊन गावोगाव हिंडतो आणि माणसं भरून आणतो. तालमीतल्या पोरी रांग सांभाळतात. मध्यंतरी म्हशींचाही विचार झाला. एक आणून बघितली, पण रेवाला ती फारच आवडली आणि दोघी एकमेकींकडे बघत बसल्या, बाकीच्यांच्या पाळ्या खोळंबल्या, म्हणून तिला परत पाठवावी लागली. रोज संध्याकाळी सुहास येतो, दारातूनच मला विचारतो, वाढलं का? मी हो म्हणेपर्यंत चप्पल काढत नाही.

काल रांगेत प्रणाली होती. पाजताना पोर तोंड पदराआड घालून डोळे मिटते, तेव्हा बघण्याचा प्रश्न येत नाही. पाजून झालं की लगेच पुढची पाळी असते. म्हणून ती शिवणक्लास आटपून रांगेत येते, खुर्चीवर बसते, एकेक खुर्ची पुढं सरकते. काल ती अगदी पुढच्या खुर्चीपर्यंत आली होती. केस विंचरून आली होती, बारशातली साडी नेसली होती. तेवढ्यात रणधीरची जीप येऊन थांबली, वडूजकडची मंडळी उतरली. सगळी पहिल्यांदाच आलेली.

प्रणालीनं माझ्याकडे बघितलं. "वन्सं, माझा नंबर आलाय."

"ही मंडळी नवीन आहेत गं," मी म्हटलं. "आज बसली तरच परत येतील."

तिनं खुर्ची स्वतःच उचलली आणि रांगेच्या मागं नेऊन ठेवली. मी वडूजच्या आजोबांना पुढं घेतलं. प्रणाली जुनी आहे, ती काही सोडून जाणार नाही.