ट्रे कुणी आणायचा?

मालिकांतल्या बायकांची बाजू घेऊन एक सणसणीत लेख लिहायचं मी ठरवलं, तेव्हा माझा हेतू स्वच्छ होता. (माझा हेतू नेहमीच स्वच्छ असतो. पत्रकारितेत अख्खी हयात घालवताना मी दोन आमदारांना घाम फोडलाय.) बाई शिकली, कमावती झाली, सरपंच झाली, मालिकेत मात्र ती अजून चहाचा ट्रे घेऊन दारात उभी, आणि नवरा पेपरात तोंड खुपसून बसलेला! ‘हे कुठवर चालणार?’ असा जळजळीत शेवट केला आणि आत हाक मारली, “अगं, चहा झाला का?”

लेख छापून आला. महिनाभरानं कुमुदिनी म्हणाली, “अहो, मला मालिकेत घेतलंय.”

साताऱ्याबाहेरच्या एका बंगल्यात शूटिंग चालू होतं. महिला मंडळाच्या नाटकात तिचं काम पाहून त्यांनी तिला आत्याची भूमिका दिली होती. एकच प्रसंग, घरातल्या सुनेला सांगायची चार वाक्यं. कॉलेजात कुमुदिनीला अभिनयाचा करंडक मिळाला होता. (त्यात मी पेनं ठेवतो.) आठवडाभर पोळ्या लाटताना तिचं चालू होतं, “तू नोकरी सोडायची नाहीस. घर तुझ्यासाठी आहे, तू घरासाठी नाहीस.”

“मी येणार बरोबर. काय दिवे लावतात ते बघतो.”

“या. पण तिथे तोंड उघडायचं नाही.”

“मी कधी कुणाला घाबरून गप्प बसलोय?”

“म्हणूनच सांगतेय.”

दिग्दर्शक मृण्मयी नावाची सव्वीस वर्षांची मुलगी निघाली. मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, “काका, तुमचा लेख वाचला! सीनच बदलला आम्ही. आता आत्या सोफ्यावर बसून बोलते आणि चहाचा ट्रे तिचा नवरा आणतो.”

मी टम्म फुगलो. तेवढ्यात फोन आला. आत्याच्या नवऱ्याचं काम करणारे गृहस्थ खंबाटकी घाटात गाडी बंद पडून अडकले होते. मृण्मयीनं माझ्याकडे पाहिलं. “काका, तुम्हीच करा ना. बोलायचं काही नाही. ट्रे आणायचा, ठेवायचा.”

कुमुदिनी दचकली. “यांना नको गं.”

“का?”

“यांनी कधी ट्रे उचललेला नाही.”

मला हा भर सभेतला अपमान वाटला. मी ट्रे उचलला.

पहिल्या वेळी कपबशांनी असा खणखणाट केला की आत्याचं वाक्य कुणाला ऐकूच आलं नाही. पुढच्या वेळी आवाज न करता आलो आणि तसाच उभा राहिलो. “काका, ठेवा!” “कुठे?” मी विचारलं. (बायका ट्रे कुठे ठेवतात हे पाहायला पेपर खाली घ्यावा लागतो.) नंतर गालिच्यात पाय अडकला आणि चहा सुनेच्या साडीवर.

साडी वाळवेपर्यंत ऊन अंगणातून कुंपणावर गेलं. मृण्मयीचा सूर बदलला. “उजेड गेला की संपलं, काका. बंगला उद्या लग्नाला दिलाय. मग आत्याचा सीन काढूनच टाकावा लागेल.”

कुमुदिनी मला बोलली असती तर मी भांडलो असतो. ती भिंतीकडे तोंड करून पुटपुटत होती, “घर तुझ्यासाठी आहे, तू घरासाठी नाहीस...”

मी मृण्मयीला बाजूला घेतलं. “पेपर आहे का एखादा?”

“अहो काका, पण तुमचा लेख...”

“लेख गेला खड्ड्यात. पेपर दे.”

पेपर मिळाला. (आमच्या कट्टर प्रतिस्पर्ध्याचा! तोही घेतला.) मी त्यात तोंड खुपसून बसलो. कुमुदिनीनं चारही वाक्यं अशी म्हटली की सुनेचं काम करणारी मुलगी खरीच रडली. मी पेपरामागे होतो, म्हणून माझं निभावलं.

“कट! काका, काय नॅचरल बसलात हो!”

“सवय आहे त्यांना,” कुमुदिनी म्हणाली.

भाग दाखवायच्या दिवशी सगळी आळी आमच्याकडे जमली. मी महिनाभर गच्चीवर ट्रे घेऊन चालायचा सराव केला होता. आज चहा मीच आणणार, असं जाहीर करून मी स्वयंपाकघरात गेलो. बाहेर आत्याचा सीन संपला आणि टाळ्या पडल्या. शेजारच्या दातीर वहिनींचा आवाज आला, “कुमुदताई, रडवलंत हो! पण तो पेपरामागे कोण होता?”

“आमचेच हे.”

“तरीच! अगदी खरा नवरा वाटत होता.”

मी ट्रे घेऊन ऐटीत बाहेर आलो. खणखणाट नाही, गालिचा ओलांडला, एक थेंब सांडला नाही. ट्रे बरोबर टीपॉयच्या मधोमध ठेवला आणि टाळ्यांची वाट पाहत उभा राहिलो.

कुमुदिनीनं कपांत डोकावून पाहिलं.

“अहो,” ती हळूच म्हणाली, “चहा ओतायचा राहिला.”