अकरा वाजून पाच मिनिटांची लाइन

बावीस वर्षांत प्रयोगशाळेत माझं एकही टायट्रेशन एका थेंबानंसुद्धा चुकलेलं नाही. त्यामुळे आमच्या नगरच्या कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी खास वर्ग काढायचं ठरलं, तेव्हा मी स्टाफरूममध्ये हात वर केला. वेळेचं नियोजन कसं करायचं, कामं कशी लावून घ्यायची आणि आपली अडचण आपण कशी मांडायची, हे त्या वर्गात शिकवायचं होतं. मी सहसा हात वर करत नाही. सगळे वळून बघू लागले.

"सहा आठवडे द्या," मी म्हटलं. "मुलं घड्याळासारखी चालवून दाखवते."

चौतीस मुलं मिळाली. मी कामाला लागले. वह्यांना रंगीत पट्ट्या लावल्या, आठवड्याचे तक्ते आखून घेतले. अडचण मांडायची माझी पद्धत तीन वाक्यांची होती. पहिल्यात अडचण, दुसऱ्यात कारण, तिसऱ्यात काय हवं ते. चौथं वाक्य नाही. रडायचं नाही, आणि कुणाचं नाव घेऊन तक्रार करायची नाही. आपलं भांडण अडचणीशी, माणसाशी नाही. आपलं आपण बोलायचं, आपल्या वतीनं दुसऱ्यानं बोलायचं नाही.

वर्गात पंकजा नावाची मुलगी होती. गाव पाथर्डीच्या पलीकडे. आईवडील दिवाळी झाल्याबरोबर ऊसतोडीला गेलेले. घरी आजी केशरबाई, तिला दिसायला कमी, म्हणून ही रोज जाऊन येऊन. पाच आठवड्यांत ती वर्गात एकदाच बोलली होती, तेही "हजर" एवढंच. पण तिच्या वहीत मी तिची अडचण वाचली होती, विषयाचं नाव मात्र तिनं लिहिलं नव्हतं. तिची प्रॅक्टिकलची परीक्षा सकाळी आठला होती आणि तिच्या गावाकडची पहिली एसटी करंजीचा घाट उतरून नगरात पोचायची सव्वानऊला. परीक्षा चुकली की विषय गेला, विषय गेला की वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं की पोरीला घरी बसवणार, हे तिनं न लिहिताही मला दिसत होतं.

आठला परीक्षा! असलं वेळापत्रक वनस्पतिशास्त्रवालेच लावणार, असं मनात म्हणून मी वही मिटली. मी स्वतः प्राचार्यांशी बोलू शकले असते. पण मग शिकवलं काय?

शेवटच्या आठवड्याचा अभ्यास म्हणजे प्रत्येकानं आपली खरी अडचण प्राचार्यांपुढे मांडायची. त्यासाठी मी दोन आठवडे प्राचार्यांचं निरीक्षण केलं होतं. दर पंधरा मिनिटांनी त्यांचा मूड एक ते दहात नोंदवला. दहाला तीन. साडेदहाला, संस्थेचा फोन येऊन गेल्यावर, दीड. अकराला चहा. आणि अकरा वाजून पाच मिनिटांनी साडेआठ! तो आलेख मी फळ्यावर काढला. मुलांनी उतरवून घेतला.

"शुक्रवारपर्यंत कधीही जा," मी सांगितलं.

माझी चूक तुमच्या लक्षात आली असेल. माझ्या आली नाही. मुदत शुक्रवारची दिली की मुलं शुक्रवारीच जातात, आणि वेळ एकच सांगितली की त्याच वेळी जातात. शुक्रवारी अकरा वाजून पाच मिनिटांनी चौतीसच्या चौतीस मुलं प्राचार्यांच्या दारात उभी होती. हातात अर्ज, मोबाईल बंद, दोघांत एक हात अंतर, प्रयोगशाळेत शिकवलं तसं. कुणी बोलत नव्हतं. वर्गातल्या पार्थची त्या दिवशी एनसीसीची परेड होती, तो गणवेशातच आला होता. त्यानं लाइन सुतासारखी सरळ करून दिली.

कॉलेजात एवढी शांतता कधी नसते. शिपाई बिभीषणमामांनी एकदा बघितलं, दुसऱ्यांदा बघितलं आणि पळत जाऊन गेट लावून घेतलं.

"साहेब, मूक मोर्चा हाय," त्यांनी आत जाऊन सांगितलं. "मिल्ट्रीचा मानूस बी हाय त्यांच्यात."

प्राचार्यांचा चहा बशीत सांडला.

तोपर्यंत व्हरांड्यातून जाणारी मुलं लाइनीत शिरायला लागली होती.

"कसली लाइन रं?"

"म्हाईत न्हाई. पन सगळे गप हायेत, म्हंजी कायतरी मोठं आसंल."

दहा मिनिटांत लाइन जिना उतरून सायकल स्टँडपर्यंत गेली. कँटीनवाला कामं सोडून तिच्यात उभा राहिला.

प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं. "मॅडम, तुम्ही शांत स्वभावाच्या. यांचा म्होरक्या कोण आहे ते विचारून या."

मी बाहेर गेले. सगळ्यांत पुढे मिरजगावचा गहिनीनाथ होता. "गहिनीनाथ, तुमच्या वतीनं कोण बोलणार?"

"कुनीच न्हाई मॅडम. ज्याचं त्यानं बोलायचं," तो अभिमानानं म्हणाला. "तुमीच सांगितलंय."

"हळू बोल."

मी आत येऊन सांगितलं, "म्होरक्या नाही सर."

"अशक्य. यांना कुणीतरी पढवलंय."

"हो सर."

"कोण असेल?"

मी छताच्या पंख्याकडे बघितलं. त्यावर धूळ पुष्कळ होती.

प्राचार्यांनी टायची गाठ नीट केली, बाहेर आले आणि कुणी तोंड उघडायच्या आत दोन्ही हात वर करून म्हणाले, "मित्रांनो, तुमच्या सर्व मागण्या मान्य!"

टाळ्यांनी इमारत हादरली. ज्यांची काही मागणी नव्हती, ते जास्त जोरात वाजवत होते. बिभीषणमामांनी भराभर अर्ज गोळा केले, सुतळीनं गठ्ठा बांधला आणि म्हणाले, "सोमवारी बगू. चला, आपापल्या वर्गात चला."

प्रॅक्टिकलचं वेळापत्रक त्याच दिवशी बाराला विद्यापीठाकडे जाणार होतं. पंकजाचा अर्ज सुतळीखाली होता. सोमवारी तिला कुणी मान्य म्हटलं असतं काय आणि अमान्य म्हटलं असतं काय. मी तोंड उघडलं. आवाज निघाला नाही. मला गर्दीत बोलता येत नाही.

"सर."

इतका बारीक आवाज की मला वाटलं भास झाला.

"सर, मान्य काय केलं?"

पंकजा खांबाजवळ उभी होती. उरलेल्या टाळ्या थांबल्या. प्राचार्यांनी मामांकडे बघितलं, मामांनी गठ्ठ्याकडे.

"म्हणजे... सगळंच," प्राचार्य म्हणाले.

"तुमी वाचलं न्हाई सर," पंकजा म्हणाली. तिची मान वर होती. "माझं प्रॅक्टिकल आठ वाजता हाय. आमची पयली एसटी सव्वानऊला येती, आन आजीला रातभर एकटं सोडता येत न्हाई. मला अकराच्या बॅचला बसू द्या."

अडचणीची बरोबर तीन वाक्यं. मी बोटांवर मोजली.

प्राचार्यांनी सुटकेचा श्वास टाकला. "एवढंच? अगं, मग विषयाच्या शिक्षकांना सांगायचं. विषय कोणता?"

पंकजानं खांबाकडे बघितलं.

"विषय कोणता, बाळ?"

"केमिस्ट्री."

"वेळापत्रक कुणी लावलं?"

"नाव घ्यायचं नसतं सर."

माझ्या वर्गातल्या चौतीस मुलांनी एकदम जमिनीकडे बघितलं. इतकी शिस्त मी कुठल्याही वर्गात पाहिलेली नाही. मी पर्समधून प्रॅक्टिकलच्या नोटिशीची प्रत काढली. सकाळी आठ, उशीर चालणार नाही, खाली दोन रेघा आणि माझी सही.

"मी लावलं सर," मी म्हटलं.

वनस्पतिशास्त्राचे सर जिन्यात उभे होते. त्यांनी मला नमस्कार केला. ते जास्त लागलं.

"बारापर्यंत बदलून आणा," प्राचार्य म्हणाले. "मी सही करतो. आणि मामा, सोडा ती सुतळी. सगळ्यांचं ऐकतो आता."

मी प्रयोगशाळेत धावले. बावीस वर्षांत प्रथमच धावले. आठ मिनिटांत नवा तक्ता केला, लांबच्या मुलांना अकराची बॅच दिली आणि परत आले, तर लाइन पुन्हा लागलेली. दोघांत एक हात अंतर. घड्याळात बाराला बारा मिनिटं कमी.

मी पुढे सरकले तशी मागून एक मुलगी म्हणाली, "मॅडम, लाइन हाय."

मला सांगायचं होतं की माझं काम घाईचं आहे. अडचण होती, कारण होतं, मागणीही होती. मी घसा खाकरला आणि सायकल स्टँडपाशी, कँटीनवाल्याच्या मागे जाऊन उभी राहिले.

पंकजा जिना उतरून आली. माझ्या हातातला कागद तिनं अलगद काढून घेतला, पुढे गेली, गहिनीनाथला काहीतरी सांगितलं. त्यानं वाट दिली. बाराला चार मिनिटं कमी असताना ती सही घेऊन परत आली.

"द्या आता हाफिसात," ती म्हणाली. मग थोडं थांबून, टोमणा अजिबात न मारता, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं तिनं विचारलं, "मॅडम, तुमी बोलायला लई भेता व्हय?"