पाच लिटर हौस

दावीदमामा डिझेल आणायला निघाले की सायकलच्या हँडलला पाच लिटरचा कॅन आणि गळ्यात स्कूटरची फुगवलेली ट्यूब. ट्यूब कशाला, तर त्यांना पोहता येत नव्हतं. पंपापर्यंत सगळा डांबरी रस्ता, तिथं कुठं बुडणार, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "अंगाला सवय ऱ्हायला पायजे."

पोहता न येणारा हा माणूस आमच्या धरणाच्या फुगवट्यावर हौसेच्या होडीचा एकमेव मालक. मच्छीमारांच्या होड्या होत्या, पण त्या वल्ह्याच्या. मामा तीस वर्षं डेपोत मेकॅनिक होते. रिटायर झाल्यावर त्यांनी पत्र्याची होडी ठोकली, विहिरीवरचं जुनं इंजिन तिच्यात बसवलं आणि दोन लोखंडी खुर्च्या वेल्ड करून टाकल्या. एक स्वतःची, एक मामींची. डेपोच्या ड्यूटीत मामींचे सगळे रविवार गेले होते, त्याची ही भरपाई.

लोक त्यांना बायबलातल्या जहाजवाल्यावरून नोहा म्हणायचे. मामा म्हणायचे, "नोहाला डिझेल लागत न्हवतं, म्हनून सरकारनं त्याला सोडला."

रविवारी चर्च सुटलं की मामी पदरात भुईमुगाच्या शेंगा घेऊन खुर्चीत बसायच्या आणि होडी धरणाच्या मध्यापर्यंत जाऊन यायची. इंजिनाचा आवाज असा की काठावर धुणं धुणाऱ्या बाया कानात बोटं घालायच्या. आणि त्या आवाजाच्याही वर मामींचा आवाज.

मामांचं पेटंट वाक्य एकच होतं, "लेखी दे." कंडक्टरनं सुट्टे नाहीत म्हटलं, लेखी दे. पाळकसाहेबांनी पुढच्या रविवारी वेळेवर सोडतो म्हटलं, लेखी द्या. मामींनी चहात साखर बास म्हटलं तरी लेखी दे. मी तेव्हा नगरला कॉलेजात होतो आणि अभ्यास सोडून सगळ्यांच्या नकला करायचो. गणपतीत मी मामांची नक्कल केली आणि लगेच मामींचीही: पदर खोचायचा, नाकातून वरचा सूर लावायचा आणि होडीतून ओरडायचं, "आवो, हळू चालवा. बुडाल्यावर लेखी कुनाकडं मागताल?" पहिलं हसू मामींचंच फुटलं होतं. मामा म्हणाले, "नकल्या, परवानगी घेतली हुती का? लेखी?"

त्याच्या पुढच्या पावसाळ्यात मामी गेल्या. तापाचं निमित्त झालं. आम्हाला वाटलं, आता होडी गंजणार. पण रविवारी चर्च सुटल्यावर मामा ट्यूब घालून काठावर हजर. एक खुर्ची रिकामी ठेवून मध्यापर्यंत गेले नि आले. मग दर रविवारी. तो फेरा एवढंच त्यांचं उरलं होतं.

आणि नेमकं तेव्हाच पंपावर पाटी लागली, की डब्यात डिझेल मिळणार नाही. शेतकऱ्याला सातबारा दाखवून मिळेल, बाकीच्यांनी तालुक्याच्या कचेरीतून परवाना आणावा. पंपावरचा भाऊसाहेब भला माणूस. म्हणाला, मामा, माझा सातबारा घ्या, विहिरीला म्हणून सांगा. मामा म्हणाले, "इंजिन विहिरीवर हाय का होडीत?" आणि रिकामा कॅन वाजवत थेट कचेरीत.

मी बरोबर होतो. नगरच्या सावेडीहून रोज स्कूटरवर येणारे एक क्लार्क तिथं बसायचे. त्यांनी फॉर्म दिला. इंधनाचं प्रयोजन म्हणून तीन चौकोन: शेती, मासेमारी, व्यवसाय. मामांनी माझ्याकडं पट्टी मागितली, शांतपणे चौथा चौकोन आखला, त्यापुढं 'हौस' लिहिलं आणि खूण केली.

क्लार्क हळूच म्हणाले, काका, मासेमारीवर खूण करा ना, आत्ता सही आणून देतो.

"मला काट्याची भीती वाटती. मी मासा खात न्हाई तर धरीन कशाला?"

"मग हौसेला डिझेल बसत नाही."

"का? डिझेलवर कर घेता, त्यातनं रस्ते करता. माझी होडी कधी रस्त्यावर आली? तुमच्या रस्त्याला एक खड्डा तरी पाडला का तिनं? तरी कर भरतो. आन वर खोटं पन लिहू?"

अर्धी कचेरी गोळा झाली. शेवटी क्लार्कनी वैतागून खरंच लेखी दिलं: हौस या कारणासाठी इंधन अनुज्ञेय नाही. मामा एवढे खूश झाले, की घरी येऊन तो कागद त्यांनी फ्रेम केला.

फ्रेमवर इंजिन चालत नाही. मग मामांनी करंजाच्या शेंगा गोळा केल्या, बियांचं तेल घाण्यावरून काढून आणलं आणि ते कडू तेल मामींच्या जुन्या सुती पातळातून तीनदा गाळलं. इंजिन चाललं. धूर असा की बगळे पलीकडच्या काठाला गेले. थंडीत तेल घट्ट व्हायचं, म्हणून शनिवारी कॅन गोधडीत गुंडाळून चुलीजवळ ठेवायचे. "झाडाला कुनाचा सातबारा लागत न्हाई," म्हणायचे.

एका जानेवारीतल्या रविवारी मीही होडीत बसलो. रिकाम्या खुर्चीकडं वळलो तर म्हणाले, तिथं नको. मी खाली कॅनवर बसलो. बरोबर मध्यावर गेल्यावर फिल्टर चोंदला आणि इंजिन खोकून बंद पडलं.

एकदम सगळं गप झालं. मामांनी पाना हातात घेतला, पण फिल्टर उघडला नाही.

"इंजिनाचा आवाज आसला की बरं असतं," ते म्हणाले. "वाटतं, ती बोलत आसंल, आपल्याला ऐकू येत न्हाई." मग ट्यूब चाचपत, माझ्याकडं न बघता म्हणाले, "नकल्या, ते गनपतीतलं कर की."

उभ्या गावापुढं मी ते केलं होतं. इथं एकाच माणसापुढं खांद्यावरच्या टॉवेलचा पदर करायची हिंमत झाली नाही. नुसताच आवाज काढला.

"आवो, हळू चालवा. बुडाल्यावर लेखी कुनाकडं मागताल?"

होडी जागच्या जागी उभी होती. मामांनी रिकाम्या खुर्चीकडं मान वळवली.

"हळूच चाललोय की गं," ते म्हणाले.