चंद्रीचं चित्र

वत्सलाअक्का कुणाच्याही घरी गेल्या, की आधी दारातल्या जनावराची विचारपूस करत, मग माणसांची. आमच्या शेजाऱ्यांकडे एकदा कुत्र्याशी इतका वेळ बोलत बसल्या, की आत त्यांच्यासाठी केलेला चहा पुन्हा गरम करावा लागला.

अक्का धुळ्यात मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवत. मी त्याच शाळेत भूगोल. ऐंशीच्या दशकात गावातले हौशी लोक त्यांच्याकडून आपल्या कुत्र्याचं, घोड्याचं चित्र काढून घेत आणि बहुतेक जण भांडून जात. कान लहान झाले, शेपूट भलतीकडेच गेली. अक्कांचं उत्तर ठरलेलं. "हुबेहूब पाहिजे? फोटोवाला समोरच बसतो." आवाजात राग नसे, खात्री असे.

माझे नानामामा साक्रीजवळच्या खेड्यात एकटे राहत. मुलाने त्यांना कायमचं सुरतेला बोलावलं. त्यांची म्हैस चंद्री विकणं आलं. निदान तिचं चित्र तरी बरोबर न्यावं, असं त्यांच्या मनात आलं, म्हणून मी अक्कांना घेऊन गेले.

अक्का पदर खोचून दुपारभर गोठ्यात बसल्या. नानांच्या अहिराणीतल्या सूचना चालूच. "डाव्या शिंगले खोच शे, इसरू नका. कपाळवर ठिपका शे." अक्का नुसतं हं हं करत चंद्रीकडे बघत होत्या. कागदावर एक रेघ नाही. शेवटी नाना वैतागून विडी ओढायला बाहेर गेले, तेव्हा कुठे पेन्सिल हलली.

चित्र पुरं झाल्यावर आम्ही ते घेऊन गेलो. नानांनी ते लांब धरून पाहिलं.

"हाई मन्ही चंद्री नही शे! शिंगं अर्धीच, खोच नही. अन तोंड असं थांबेल का शे तिनं?"

"नाना, तुम्ही बाहेर गेलात की ती रवंथ थांबवते. कान दाराकडे लावते. तुमचा खोकला ऐकू आला, की पुन्हा सुरू. कधी पाहिलंय तुम्ही?"

"मी बाहेर गयावर मी कसं देखसू?"

"म्हणून तर काढलं."

नाना गोठ्यात गेले आणि चंद्रीच्या मानेवर हात ठेवून उभे राहिले. बाहेर येऊन म्हणाले, "बाजारमा नही लई जासू हिले. शेजारना आबाकडे ठेवसू. वळखीनं घर शे." मग चित्राकडे बोट दाखवून म्हणाले, "हाई नीट बांधी द्या."

परतीच्या एसटीत मी अक्कांना विचारलं, "तुम्हाला कसं हो दिसलं हे सगळं?"

अक्का माझ्या पलीकडे, खिडकीबाहेर बघत होत्या. "माझी मुलगी सुट्टी संपली की पुण्याला जाते. स्टँडवर मी हसून हात हलवते. तिला वाटतं, आई मजेत आहे." मग म्हणाल्या, "बस वळल्यावर मी कशी दिसते, ते तिने कुठे पाहिलंय?"

 आणि लगेच माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ती काच ओढून घ्या हो, धूळ येतेय."