पाचशे मण्यांची दुपार

जेवणानंतरची दुपार होती आणि बालवाडीच्या तीस शिक्षिका सतरंजीवर बसून चार वर्षांच्या झाल्या होत्या. तसं ताईंनीच सांगितलं होतं. लहान मुलांना गणित कसं शिकवावं, हे शिक्षिकांना शिकवणं हेच ताईंचं काम. "आता तासभर तुम्ही बाई नाही. तुमच्या वर्गातलं एक मूल व्हा," असं म्हणून त्यांनी काचेचे पाचशे मणी मधोमध ओतले. खिडकीतून आलेलं ऊन मण्यांतून गेलं आणि फरशीवर लाल, निळे, हिरवे ठिपके डुलायला लागले. ताई बघतच राहिल्या. काम करता करता हरवून जायची त्यांची जुनी खोड होती. लहानपणापासून त्यांना सात हट्टी वाटायचा आणि आठ गुबगुबीत, समजूतदार; पण हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

आज मात्र हरवून चालणार नव्हतं. चार वाजता शिक्षण खात्याचे साहेब येणार होते. पाठांतर सोडून मुलांच्या हातात वस्तू द्यायच्या, ही ताईंची सात वर्षांची खटपट. हे प्रशिक्षण पुढे चालवायचं की गुंडाळायचं, ते आज ठरणार होतं. साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "बाकी मला कळत नाही. पाचशे मणी दिलेत, पाचशे परत हवेत. ज्यांना मणी सांभाळता येत नाहीत, ते गणित काय शिकवणार?"

शिक्षिकांमध्ये एक होत्या मोठ्या बाई. नोकरीला सव्वीस वर्षं झालेली. चार दिवस त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि दर अर्ध्या तासाने म्हणत होत्या, "आमच्याकडे शंभरापर्यंत घडाघडा म्हटलं की झालं गणित. हे मणीबिणी कशाला?" आज त्या पहिल्यांदाच सतरंजीवर उतरल्या. ताईंना इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

"मी कोण होऊ?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"तुमच्या वर्गातलं कुठलंही मूल."

"मग मी आमचा द्वाड होते."

पंधरा मिनिटांनी मोठ्या बाई रांगतच ताईंजवळ आल्या.

"ताई, जरा बाजूला या."

"काय झालं आमच्या बाळाला?" ताईही रंगात आल्या होत्या.

"बाळ गेलं उडत. मणी नाकात घातलाय."

"कुणाच्या?"

"माझ्या! आमचा द्वाड रोज घालतो. त्याचा निघतो हो!"

"शिंकरा की."

"शिंकरून झालं. आणखी वर गेला."

माणसाच्या नाकी नऊ येतात म्हणतात. इथे एकच आला होता आणि तो पुरेसा होता. ताईंच्या तोंडचं पाणी पळालं.

"दवाखान्यात जाऊ या."

"आणि तिथे वय काय सांगू? चोपन्न की चार?"

शेजारी बसलेल्या एका तरुण शिक्षिकेने हे सगळं ऐकलं. "शिंक आली की येईल बाहेर," ती म्हणाली. "खडूची पूड हुंगवा." ती धावत जाऊन शेजारच्या वर्गातून दोन डस्टर घेऊन आली आणि मोठ्या बाईंच्या नाकाखाली तिने ते दणादण आपटले. पांढरा ढग उठला. एकोणतीस जणी शिंकल्या. मोठ्या बाई तेवढ्या शांत बसून होत्या.

"सव्वीस वर्षं खडू खाल्लाय या नाकानं," त्या म्हणाल्या. "त्याला काय होतंय?"

त्या शिंकांच्या धांदलीत मण्यांचे ढीग उधळले. मणी कपाटाखाली गेले, दाराआड गेले, चपलांमध्ये गेले. आणि नेमके त्याच वेळी, अर्धा तास आधीच, साहेब दारात उभे राहिले. आल्या आल्या तेही शिंकले.

"हे काय चाललंय?"

"मोजणी," ताईंच्या तोंडून निघून गेलं.

आता बोलून गेल्यावर करणं भाग होतं. शिक्षिका कानाकोपऱ्यांतून मणी वेचू लागल्या, दहादहाचे ढीग लावू लागल्या. खुर्च्या बाहेर रचलेल्या होत्या, म्हणून साहेब कुरकुरत्या गुडघ्यांनिशी सतरंजीवरच बसले. एक निळा मणी घरंगळत त्यांच्या पायाशी आला. त्यांनी तो उचलला, एक डोळा मिटला आणि मणी दुसऱ्या डोळ्यासमोर धरून ते खिडकीकडे बघू लागले.

खोली हळूहळू शांत झाली. मण्यांचा टिकटिक आवाज आणि पुटपुटलेले आकडे तेवढे ऐकू येत होते. खडूची धूळ उन्हात तरंगत खाली उतरत होती. ताईंना वाटलं, ही दुपार अशीच राहावी, कुणी काही ठरवू नये.

"चारशे अठ्ठ्याण्णव," तरुण शिक्षिका म्हणाली.

ताईंनी मनात हिशेब केला. एक नाकात. दुसरा कुठे? पुन्हा मोजले. पुन्हा चारशे अठ्ठ्याण्णव.

"म्हणजे दोन कमी," साहेब म्हणाले. आवाज कोरडा होता, पण पहिल्या दिवसाइतका नाही.

मोठ्या बाई उभ्या राहिल्या. "एक माझ्याकडे आहे, साहेब. नाकात."

"नाकात?"

"चार दिवस मी या ताईंना नावं ठेवली. आज पहिल्यांदा खेळले आणि खेळता खेळता गेला. ओरडायचं तर मला ओरडा, पण हे बंद करू नका. मुलं मणी नाकात का घालतात, ते मला सव्वीस वर्षांनी आज कळलं."

"का घालतात?" साहेबांनी अगदी मनापासून विचारलं.

"फार सुंदर असतात हो. जवळ ठेवावेसे वाटतात, आणि ठेवायला दुसरी जागा नसते."

बोलता बोलता त्यांना रडू आलं, रडण्यातून हुंदका आला, हुंदक्यातून शिंक, आणि लाल मणी टप्पकन सतरंजीवर पडला.

"चारशे नव्व्याण्णव!" एकोणतीस जणी एकदम ओरडल्या.

ताईंनी साहेबांकडे पाहिलं. त्यांच्या हातात आता मणी नव्हता. डावा हात खिशात होता आणि कान लाल झाले होते. असा चेहरा ताईंनी प्रत्येक बालवाडीत पाहिला होता. खरं सांगावं तर तीस जणींसमोर माणसाची शोभा होणार. गप्प बसावं तर मणी कमी, प्रशिक्षण बंद. न मोजता आकडा त्यांनी जन्मात कधी सांगितला नव्हता.

"पाचशे," ताई म्हणाल्या. "पूर्ण."

तरुण शिक्षिकेने तोंड उघडलं. मोठ्या बाईंनी तिला कोपराने ढोसलं आणि ठणकावून सांगितलं, "बरोबर आहे. मीच मोजलेत."

साहेबांनी वही मागवली आणि टेबलापाशी उभ्यानेच लिहायला घेतलं. साहित्य पूर्ण मिळाले, प्रशिक्षण चालू ठेवावे. एवढंच वाक्य, पण लिहायला फार वेळ लागला. वही सारखी सरकत होती आणि साहेबांचा डावा हात काही केल्या खिशातून बाहेर येत नव्हता. शेवटी ताईंनीच वही धरली.