अष्टमीचा डोमकावळा

"अहो, आज अष्टमी. इथे कावळा कुठे मिळेल?"

वैदेहीने हे विचारलं तेव्हा रवींद्रराव खांबेटे एका पायावर उभे होते. बोटीच्या त्या केबिनमध्ये दोघांनी एकाच वेळी उभं राहायचं तर एकाने पाय उचलावा लागे. दुसऱ्या पायात ते गुडघ्याएवढा रबरी बूट चढवत होते.

"अलास्कात आहोत आपण," ते म्हणाले. "इथे ग्लेशियर मिळेल, व्हेल मिळेल. कावळा फ्रीमाँटला."

"तिथी काही फ्रीमाँटला थांबत नाही."

सासूबाईंची तिथी पितृपक्षातल्या अष्टमीला. गेली सहा वर्षं वैदेही कॅलिफोर्नियातल्या त्यांच्या टाऊनहाऊसच्या मागच्या कुंपणावर पान ठेवायची, दोन मिनिटांत कावळा शिवायचा, मगच ती तोंडात पाण्याचा घोट घालायची. यंदा रवींद्ररावांनी साठ माणसांच्या या छोट्या बोटीची ट्रिप बुक केली, ती पंचांग न बघता. हिमनदीवर पाय ठेवायचा हे त्यांचं तीस वर्षांचं स्वप्न. वैदेही भांडली नाही. ती कधीच भांडत नाही. तिने उडदाचे वडे तळले आणि सुटकेसमध्ये स्वेटरांच्या घडीत नीट बसवले.

"मागच्या डेकवर एका कोपऱ्यात ठेवते. कोणाला कळणारही नाही."

"अजिबात नाही. रूल म्हणजे रूल."

नियम केलीने पहिल्याच संध्याकाळी सांगितले होते. केली म्हणजे बोटीवरची पक्षीप्राण्यांची माहिती देणारी मुलगी. प्राणीपक्ष्यांना काही खायला घालायचं नाही. किनाऱ्यावर खाण्याची वस्तू न्यायची नाही, शेंगदाणासुद्धा. जो नेईल, त्याला पुढच्या वेळी बोटीवरून उतरू देणार नाहीत. साठ जणांत वही काढून हे लिहून घेणारे एकटे रवींद्रराव. कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात पस्तीस वर्षं माल तपासलेला माणूस. दुसऱ्या दिवशी त्यांनी टेक्ससच्या एका गृहस्थाच्या तोंडातलं च्युइंगगम केलीला दाखवून दिलं. तिसऱ्या दिवशी सगळ्यांना आपापल्या बॅगेवर ठळक अक्षरांत नाव लिहायला लावलं. तेव्हापासून टेक्ससवाला त्यांच्या टेबलावर बसत नव्हता.

नाश्त्याला त्यांच्या टेबलावर इलाताई होत्या. रवींद्ररावांची मोठी बहीण, ॲरिझोनातल्या चँडलरची, भूल देण्याची डॉक्टर म्हणून रिटायर झालेली. आयुष्यभर माणसांना झोपवलं, त्यामुळे जाग्या माणसांशी बोलायची त्यांना फारशी सवय नव्हती, असं रवींद्रराव म्हणत.

"रवी, नुसतं टरबूज खातोयस?"

"आईची तिथी आहे, ताई. आज फळांवर." मग ते कॉफी आणायला उठले. परत आले आणि पुन्हा दूध आणायला उठले.

"बघ, वैदेही. सुधारला."

वैदेहीला बरं वाटलं. तेवढ्या बऱ्या वाटण्याच्या जोरावर तिने कागदी ताटलीत दोन वडे आणि नाश्त्यातली तांदळाची खीर घेतली आणि मागच्या डेकवर जाऊन ती कठड्याशी ठेवली. हात जोडून डोळे मिटले. उघडले तेव्हा समोर पांढराशुभ्र सीगल.

"चालेल की," मागून इलाताई म्हणाल्या. "पक्षी तर आहे. जरा गोरा आहे इतकंच."

"वन्सं, कावळा म्हणजे कावळा."

सीगलने मान पुढे काढली तोच रवींद्रराव धावत आले, ताटली उचलली आणि पोटाशी धरून केबिनकडे चालू लागले. खीर त्यांच्या नव्या जॅकेटवरून ओघळत होती.

"नियम पाळला, जॅकेट गेलं," इलाताई म्हणाल्या. "रवी, खीर पुस."

वैदेहीने मग सरळ मार्ग धरला. ती केलीकडे गेली आणि हळू आवाजात विचारलं, इकडे कावळे असतात का? केलीचे डोळे चमकले. चार दिवसांत सगळ्यांनी तिला व्हेल कधी आणि वायफाय कधी एवढंच विचारलं होतं. कावळे थोडे, पण डोमकावळे भरपूर, ती म्हणाली. इथल्या मूळच्या लोकांत त्यांना केवढा मान आहे. कोणाचा पूर्वज, कोणाचा गुरू. वैदेहीने मान डोलावली. यात समजावण्यासारखं काय होतं?

पण केलीचा उत्साह तिथे थांबला नाही. पाचच मिनिटांत बोटीच्या लाउडस्पीकरवर घोषणा झाली: आपल्या पाहुण्या वैदेही यांना डोमकावळे फार आवडतात. कोणालाही दिसला तर त्यांना लगेच बोलवा.

मग काय. पहिली हाक वरच्या डेकवरून आली. वैदेही उपाशीपोटी तीन जिने चढली. गरुड निघाला. दुसरी हाक पुढून. तो पाण्यात तरंगणारा ओंडका होता. तिसऱ्यांदा एक आजीबाई तिचा हात धरून घेऊन गेल्या आणि त्यांनी अभिमानाने खलाशाची काळी बादली दाखवली. प्रत्येक वेळी वैदेहीने "थँक यू" म्हटलं, कारण लोक मनापासून करत होते. चौथ्या वेळी तिला गरगरायला लागलं.

"वैदेही, थोडं दूध घे," इलाताई म्हणाल्या. "डॉक्टर म्हणून सांगते."

"कावळा शिवल्यावर घेईन, वन्सं."

"शुगर खाली जाईल तुझी. आईला हे चाललं असतं का?"

"त्या स्वतः एकादशीला पाणीही प्यायच्या नाहीत. त्यांना का चालणार नाही?"

अकरा वाजता रबरी होडीतून किनाऱ्यावर जायचं होतं. शिडीपाशी रवींद्रराव आडवे उभे. "वैदेही, खिसे दाखव."

"अहो, लोक बघतायत."

"बघू देत. उद्या ग्लेशियरवर उतरायचंय. तुझ्या एका वड्यापायी सगळ्यांची ट्रिप खराब होईल."

लाइफ जॅकेटच्या आतल्या खिशात रुमालात बांधलेला वडा निघाला.  वैदेहीने वडा केबिनमध्ये नेऊन ठेवला, बरोबर आणलेल्या देवीच्या तसबिरीपुढे, आणि परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. नुसता नमस्कार करीन, तिने ठरवलं. सासूबाईंना समजून घ्यावं लागेल.

किनाऱ्यावर सगळ्यांनी बॅगा ताडपत्रीवर ठेवल्या आणि केली रांग लावून त्यांना पुढे घेऊन गेली. आणि वीस पावलांवर, वाळक्या ओंडक्यावर, तो बसला होता. काळाकुळकुळीत, कोंबडीएवढा. लोकांनी आदराने वाट दिली. वैदेही पुढे झाली, हात जोडले. डोमकावळ्याने तिच्याकडे बघितलं आणि पाठ फिरवली.

"अगदी आई," इलाताई म्हणाल्या. "काहीतरी इच्छा राहिलीय तिची. रवी, बोल."

"काय बोलू? इथे? सगळ्यांसमोर?"

"मराठीत बोल. कोणाला कळतंय?"

रवींद्ररावांनी इकडेतिकडे बघितलं. टेक्ससवाला कॅमेरा रोखून उभा होता. "आई," ते दबक्या आवाजात म्हणाले, "तुझा पितळी स्टोव्ह टाकलेला नाही. गॅरेजमध्ये आहे."

पाठ तशीच.

"आई, रोज चालायला जाईन."

"खोटं बोलू नकोस, तिला कळतं," इलाताई म्हणाल्या. "खाण्याचं बोल. बाहेरचं अरबटचरबट खाऊ नकोस, म्हणून जन्मभर तुझ्या मागे लागली होती ती."

"ताई, मी आता घरचंच खातो. विचार वैदेहीला. आजही फक्त फळं..."

डोमकावळा उडाला.  पण तो लांब गेला नाही. ताडपत्रीवर उतरला, बॅगांमधून दोनचार उड्या मारल्या आणि एका निळ्या बॅगेपाशी थांबला. चोचीत झिप पकडली. सरकन उघडली. आधी चष्म्याचं घर बाहेर फेकलं. मग एक हातमोजा. मग चांदीच्या कागदातलं एक जाडजूड पुडकं ओढून काढलं, टराटरा फाडलं, आणि गुलाबी हॅमची भलीमोठी चकती चोचीत धरून, पावाचे दोन तुकडे तिथेच टाकून, तो झाडीत गेला.

 केली ताडपत्रीपाशी गेली. बॅगेवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: आर. खांबेटे.

"एमर्जन्सीसाठी होतं," रवींद्रराव म्हणाले. "शुगर खाली गेली तर."

"तुझी? तुझी तर वर असते," इलाताई म्हणाल्या.

"सर," केली अगदी नम्रपणे म्हणाली, "नियम तुम्हाला माहीत आहे. परवा तुम्हीच मला तो या सरांसाठी पुन्हा वाचायला लावला होता." टेक्ससवाल्याने च्युइंगगम चघळत मान हलवली.

बोटीवर परत आल्यावर वैदेहीने तसबिरीपुढचा वडा घेतला, अर्धा इलाताईंना दिला आणि सावकाश खाल्ला. रवींद्रराव बिछान्याच्या कडेवर बसून होते.

"तो नैवेद्य नव्हता," ते म्हणाले. "तो धरता येणार नाही."

"कावळा शिवला," वैदेही म्हणाली. "त्यांना काय हवं होतं ते त्यांनी घेतलं."

"रवी, लहानपणी आई तुझ्या दप्तरातून भजी काढून घ्यायची ना, तसंच," इलाताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी स्वच्छ ऊन पडलं. वैदेही आणि इलाताई बाकीच्यांबरोबर हिमनदीवर चढल्या. निळ्या बर्फावर पाय ठेवताना वैदेहीने आधी वाकून नमस्कार केला. मग मागे वळून खाली खाडीत उभ्या बोटीकडे बघितलं. डेकवर एकटीच एक आकृती दिसत होती.

"वन्सं, जरा दुर्बीण द्या." तिने डोळ्यांना लावली आणि बराच वेळ काढली नाही.

"काय करतोय रवी? रडतोय?"

"नाही," वैदेही म्हणाली. "समोर कठड्यावर तो बसलाय. आणि हे उभे राहून त्याला दोन्ही खिसे उलटे करून दाखवतायत."