मास्तरांकडे कोण आलंय?

उंच मुलीचा फोन आला तेव्हा मास्तर एका पायावर उभे होते.

"मास्तर, घोटा मुरगळला. डॉक्टर म्हणतात, सहा आठवडे."

"कार्यक्रम तीन आठवड्यांवर आलाय!"

"मी सांगितलं त्यांना तसं. ते म्हणाले, हे घोट्याला सांगा."

मास्तरांनी दुसरा पाय खाली टेकवला आणि फोन ठेवला. पायातले घुंगरू उगाचच एकदा वाजले.

मास्तरांचं वय छप्पन्न. वीस वर्षं त्यांनी चोख शास्त्रीय नृत्य केलं, आणि मग एके दिवशी त्यांना साक्षात्कार झाला की माणूस नुसता ताठ उभा राहून जगत नाही, तो वाकतो, कोलमडतो, जमिनीवर पडतो. तेव्हापासून ते जुन्या नृत्यात नव्या हालचाली मिसळून रचना बसवू लागले. यातून व्हायचं तेच झालं. जुने गुरू म्हणाले, "जमिनीवर लोळायला वीस वर्षं शिकायचं कशाला? ते तर तान्हं मूल घरूनच शिकून येतं." नवी मंडळी म्हणाली, "सर, बाकी मस्त आहे, फक्त चेहरा जरा कमी करा." चेहरा कमी कसा करायचा, हे मास्तरांना कळलं नाही. अशा तऱ्हेने ते ना इकडचे राहिले ना तिकडचे. लग्न करायचंही राहून गेलं. नको होतं असं नाही. एखादं पत्र टाकायचं राहून जावं तसं ते राहून गेलं.

नव्या रचनेत एक माणूस होता आणि त्याला सोडून जाणारी एक बाई. आधी पायांचा घट्ट ताल, मग तो ताल तुटतो, माणूस तिला उचलतो, तिचं सगळं वजन अंगावर घेतो आणि दोघं जमिनीवर येतात. उंच मुलगी यात ती बाई होती. तिच्या जागी कुणी मिळतंय का, म्हणून मास्तरांनी उरलेल्या चौघी विद्यार्थिनींना विचारलं. पण त्या आठवड्यातून एकदा वजन कमी करायला येत, ते दुसऱ्याच्या अंगावर टाकायला नव्हे. चौघींनीही मान हलवली.

शेवटी मास्तरांनी माळ्यावरची गादी काढली.

निदान आपला भाग तरी पक्का करावा, एवढाच त्यांचा हेतू होता. गादी गुंडाळून त्यांनी मानेच्या आणि कमरेच्या जागी शेले बांधले. ओढणी हातात कुठे अडकते ते कळावं, म्हणून वरून ओढणीही घातली. आपल्या अंगाची रेघ नीट येते का ते सावलीत दिसावं, म्हणून दिवा जमिनीवर ठेवला. जाड पडदे धुवायला गेले होते आणि खिडकीला एक पातळ कापड लावलेलं होतं, हे मात्र त्यांच्या ध्यानात आलं नाही. ती सावली समोरच्या इमारतीच्या तिन्ही मजल्यांना उत्तम दिसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी वॉचमनने सलाम ठोकला. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

"मास्तर, पाहुणे आलेत वाटतं?"

"नाही बुवा."

"बरं बरं. मी विचारलंच नाही, तुम्ही सांगितलंच नाही." वॉचमनने डोळा मिचकावला.

मास्तर विचार करत लिफ्टमध्ये शिरले. "कृपया दार नीट बंद करा," लिफ्ट म्हणाली. एरवी दिवसभरात मास्तरांशी बोलणारी ती एकटीच होती, आणि ते तिला न चुकता "हो" म्हणत.

संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी वही घेऊन दारात हजर. "नियम आहे मास्तर. घरात माणूस वाढलं की नोंद करावी लागते. वहिनींचं नाव?"

"कोणत्या वहिनी?"

"आम्ही काही जुन्या वळणाचे नाही हो. लग्न केलंच पाहिजे, असंही आमचं म्हणणं नाही. फक्त नोंद."

एवढ्यात आतल्या खोलीत धप्पकन काहीतरी पडलं. सेक्रेटरींची पेन्सिल थांबली.

"काय पडलं?"

"गादी."

"लागलं नाही ना गादीला?" सेक्रेटरी अतिशय हळुवारपणे म्हणाले.

आता मास्तरांच्या डोक्यात प्रकाश पडला. "अहो, खरंच गादी आहे! या, दाखवतोच तुम्हाला." त्यांनी आतलं दार सताड उघडलं. उंबऱ्यावर ओढणीचं टोक दिसत होतं. ते पाहताच सेक्रेटरींनी वही डोळ्यांसमोर धरली आणि भिंतीकडे तोंड केलं. "छे छे! बाईमाणसाच्या खोलीत असं डोकवायचं? आम्ही संसारी माणसं आहोत. नाव सावकाश कळवा." आणि वही डोळ्यांवरून न काढता ते जिना उतरले. जाताना दोनदा कठड्यावर आपटले.

मास्तर दार लावून हसले. मग, हसायला दुसरं कुणी नसल्यामुळे, थांबले.

खरं तर प्रकरण इथे मिटवता आलं असतं. पण दुसऱ्या दिवशी खालच्या काकू आल्या. आजवर काकूंचं मास्तरांशी एकच वाक्य झालं होतं, "तुमचा नळ गळतो का हो?" त्या आज हातात झाकलेला डबा घेऊन उभ्या होत्या.

"जरा गोड केलं होतं. दोघांना पुरेल एवढं आहे."

"काकू, अहो इथे दोघं..."

"असू दे हो! लाजताय कसले? या वयात जमलं म्हणजे खरं जमलं." काकू चक्क खुर्चीत बसल्या. त्या खुर्चीत मास्तरांखेरीज कुणी बसल्याचं मास्तरांना आठवत नव्हतं. "स्वभाव कसा आहे?"

नाही म्हणायला मास्तरांनी तोंड उघडलं. पण काकू इतक्या आपुलकीने पुढे वाकल्या होत्या की त्यांना ते जमेना. आपण खोटं बोलायचं नाही, एवढं त्यांनी मनाशी ठरवलं.

"फार बोलत नाही," ते म्हणाले.

"नशीबवान आहात."

"मिळून घेते. हट्ट नाही, मागणं नाही. जिथे ठेवली तिथे राहते."

काकूंच्या भुवया वर गेल्या. "मास्तर, आजकाल बाईला 'ठेवली' म्हणू नये. वाईट दिसतं."

"चुकलो," मास्तर म्हणाले.

काकू गेल्यावर मास्तरांनी दोघांचं गोड एकट्याने संपवलं. पोट जड झालं आणि मन त्याहून जड. पण पुढचे चार दिवस मोठे मजेचे गेले. जिन्यात माणसं थांबून बोलू लागली. लिफ्टमध्ये कुणीतरी "घरी सगळं ठीक?" विचारलं आणि मास्तर "हो, ठीक" म्हणाले. हे तर सत्यच होतं. गादीला काय होणार? एक दिवस बाजारात जाताना त्यांनी आत वळून "येतो गं" म्हटलं. शेजारचं दार उघडं होतं म्हणून म्हटलं, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. परत येताना पाहिलं, तर शेजारचं दार बंद होतं. मास्तरांनी मात्र "आलो" म्हटलंच.

पाचव्या दिवशी ताईचा फोन आला. ताई म्हणजे मास्तरांची सहा वर्षांनी मोठी बहीण. सोसायटीच्या वहीत अडीअडचणीला कुणाला कळवायचं, त्या रकान्यात तिचा नंबर होता. सेक्रेटरींनी अडचण नसताना कळवलं होतं.

"मला परक्याकडून कळावं?" ताई रडत होती की हसत होती, कळत नव्हतं. "आई जाताना म्हणाली होती, याचं बघ. तीस वर्षं तो शब्द माझ्या उरावर होता रे. उद्या सकाळच्या बसने येते."

"ताई, ऐक, ती गादी आहे."

"काय आहे? आवाज नीट येत नाही. साडी कोणत्या रंगाची आणू?"

फोन बंद झाला.

बसस्टँडवर सगळं सांगून टाकायचं, असं मास्तरांनी ठरवलं होतं. पण ताई बसमधून उतरली ती एक पिशवी, एक ट्रंक आणि एक सेक्रेटरी घेऊन. सेक्रेटरी तिला उतरवून घ्यायला आधीच येऊन उभे होते. घरी पोचेपर्यंत काकू, काकूंचे मिस्टर आणि समोरच्या इमारतीतल्या दोघी दारात जमल्या होत्या. मास्तरांनी कुलूप काढलं, तरातरा आत गेले, गादी ओढत बाहेर आणली आणि मध्यभागी उभी केली.

"ही बघा. हीच ती. दुसरी कुणी नव्हती, नाही."

काकूंनी गादीकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं, आत जाऊन रिकामी खोली पाहिली. मग येऊन मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला.

"कधी गेली?"

"कोण?"

"तिची ओढणी तेवढी राहिली," समोरची एक जण दुसरीला म्हणाली.

"अहो, ओढणी उंच मुलीची आहे!"

"उंच होती, ते दिसायचंच," दुसरी म्हणाली.

मास्तरांना घाम फुटला. "थांबा. करूनच दाखवतो." त्यांनी घुंगरू बांधले, गाणं लावलं आणि भर दुपारी, सहा माणसांसमोर, आख्खी रचना करून दाखवली. आधी पायांचा ताल, मग तो तुटला. मग त्यांनी गादीला उचललं, छातीशी धरून गिरकी घेतली, गुडघ्यांवर आले आणि तिच्या शेजारी जमिनीवर निपचित पडले. आयुष्यात इतक्या माणसांनी इतक्या जवळून त्यांचं नृत्य पाहिलं नव्हतं. चेहरा कमी करायला त्यांना सुचलंच नाही. पडल्या पडल्या त्यांना वाटलं, आता तरी पटलं असेल.

त्यांनी डोळे उघडले. काकू पदराने डोळे टिपत होत्या.

"किती जीव होता हो तिच्यावर!"

सेक्रेटरींनी वही उघडली आणि काहीतरी खोडलं. त्यात मुळात काही लिहिलेलंच नव्हतं; पण त्यांनी ते नीट पट्टीने खोडलं.

मंडळी "काळजी घ्या", "एकटं राहू नका", "केव्हाही हाक मारा" असं म्हणत एकेक करून गेली. मास्तर भिंतीला टेकून बसले. ताई एवढा वेळ एक अक्षर बोलली नव्हती. तिने आता खाली बसून शेल्यांच्या गाठी सोडल्या, गादी पसरली आणि हाताने सपाट केली.

"या गादीची खोळ मी शिवलेली आहे," ती म्हणाली. "इथे कोपऱ्यात दोरा कमी पडला होता, म्हणून निळा घातलाय. पायरीवरूनच ओळखली मी तुझी बायको."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तुझ्या घरात एवढी माणसं मी पहिल्यांदा पाहिली. उठवून लावू त्यांना?" ताई आडवी झाली. प्रवासाने तिची पाठ दुखत होती. "हे गेले ना, तेव्हा माझ्याकडे पंधरा दिवस माणूस हलत नव्हतं. कप पुरेनात. मग सोळाव्या दिवशी सगळं एकदम बंद. आता मी मुलाला फोन करते, तर तो विचारतो, काही काम होतं का? तुला फोन केला, तर तुझी तालीम असते."

"किती दिवस राहशील?" मास्तरांनी विचारलं.

"तू दुःखात आहेस ना? मग दुःख जाईपर्यंत राहीन." आणि ती झोपली. दोन मिनिटांत घोरूही लागली.

संध्याकाळी तालमीची वेळ झाली. जोडीदारावर ताई झोपलेली. तिला उठवणं मास्तरांच्या जिवावर आलं. गाणं अगदी बारीक करून त्यांनी घुंगरांशिवायच सुरुवात केली. उचलायची जागा आली तेव्हा त्यांचे हात सवयीने पुढे गेले, खाली वाकले आणि रिकामेच वर आले. पण वजन आलं. नेमकं तेवढंच वजन, खांद्यापासून टाचेपर्यंत. मास्तर ते तोलून गरकन वळले आणि मधेच थांबले. इतक्या दिवसांत हे त्यांना सुचलं नव्हतं, कारण इतके दिवस त्यांच्या हातात कुणीतरी होतं.

"डावा हात जरा वर घे," गादीवरून आवाज आला. ताई एक डोळा उघडून बघत होती. "बाईचं डोकं तिथे नसतं. आणि हे असंच कर. कुणी नको."

कार्यक्रमात त्यांनी ते तसंच केलं. नाट्यगृह अर्धं रिकामं होतं, पण भरलेल्या अर्ध्यात सोसायटीची अकरा माणसं होती, वॉचमन धरून. उंच मुलगी कुबडी घेऊन आली होती. जुन्या गुरूंपैकी एक जण म्हणाले, "लोळला तर आहेच, पण तालात लोळला." नव्यांपैकी एकानेही चेहऱ्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

बाहेर पडताना काकूंनी ताईला कोपऱ्यात गाठलं. इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला. मास्तर मागेच होते, पण ते त्यांना दिसले नाहीत.

"ताई, खरं सांगा हो. कशी होती ती?"

ताईने दोन क्षण विचार केला आणि उसासा सोडला.

"स्वभावाने मऊ होती," ती म्हणाली. "पण पाठीला आधार असा नव्हता."